छपरावरच्या पाट्या

वहिनींची खुर्ची प्रार्थनाघरात नेमकी कुठे ठेवायची, यावरून सकाळीच एक वाद होऊन गेला होता. दादाचं म्हणणं, व्यासपीठाजवळ ठेवा, तिथली भिंत जाड आहे, गारवा असतो. धाकट्याचं म्हणणं, खिडकीपाशी ठेवा, वारा लागेल. दोघेही हे एकमेकांना न सांगता आत्याला सांगत होते, आणि आत्या आपल्या दोन भावांच्या मधोमध खुर्चीची पाठ धरून उभी होती. शेवटी वहिनींनीच बोट दाखवलं. भिंतीतला प्लग जिथे होता तिथे.

"वारा नको... गारवा नको," त्या म्हणाल्या. "माझा श्वास... तिथून येतो."

दोन शब्द बोलायचे, थांबायचं, मग पुढचे दोन. एरवी एका दमात सगळ्या घराची हजेरी घेणारी ही बाई आता अशी तुकड्यातुकड्याने बोलत होती.

परवाच्या वादळाने वस्तीला वीज आणणारे खांब आडवे केले होते. मोठ्या रस्त्यावर झाडं पडली होती, दवाखान्याची गाडी पलीकडच्या चौकापर्यंत येऊन मागे फिरली होती. वहिनींच्या फुफ्फुसांना गेलं वर्षभर ऑक्सिजनचं मशीन लागत होतं, आणि मशीनला वीज. घरी एक छोटं सिलिंडर होतं, ते परवापासून वापरून हलकं झालं होतं. अख्ख्या वस्तीत दिवे होते ते फक्त प्रार्थनाघरात. कारण प्रार्थनाघराच्या छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारे पॅनल होते आणि शेजारच्या खोलीत बॅटऱ्या.

आणि त्याच पॅनलांवरून दोन्ही भावांचं बोलणं बंद होतं.

छपराखालचं लाकडी छत त्यांच्या बाबांनी घडवलेलं. फळीला फळी जुळवून, एकाही ठिकाणी खिळ्याचं डोकं दिसू न देता. बाबांनंतर प्रार्थनाघराच्या किल्ल्या दादाकडे आल्या. पॅनल बसवायचे की नाही, यावर वस्तीची बैठक झाली तेव्हा धाकट्याने बसवायच्या बाजूने हात वर केला. आराखडा त्याच्याच मुलीचा होता. छपराला पहिलं भोक पडलं त्या दिवसापासून दादा धाकट्याशी बोलला नव्हता. तसा तो गप्प नव्हता. 'त्याला सांग' अशी सुरुवात करून तो धाकट्याला तासभर ऐकवू शकत असे. मधे फक्त कोणीतरी लागे. बहुतेक वेळा आत्याच.

आत्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत 'आता बरं दिसतंय की मघाशी?' असं विचारायची तिला सवय. भावांच्या भांडणातही ती हेच करत आली होती. एकाचं ऐकलं की वाटायचं हेच स्पष्ट दिसतंय, दुसऱ्याचं ऐकलं की वाटायचं छे, हे.

"आत्या," शेजारच्या खोलीतून हाक आली. "जरा येतेस?"

हाक मोजपट्टीची होती. धाकट्याची मुलगी, वीज-अभियंता. लहानपणी हातात मोजपट्टी आली तेव्हापासून तिने घरातल्या मांजराच्या शेपटीपासून ते आजोबांच्या मिशांपर्यंत सगळं मोजून ठेवलं होतं, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. वहिनींना बरं नाही म्हणून भेटायला आली आणि वादळात अडकली.

बॅटरीच्या खोलीत दादाचा मुलगा स्टुलावर बसून भिंतीवरच्या डब्याच्या छोट्या पडद्याकडे टक लावून बघत होता. तो शहराची बस चालवायचा, म्हणून सगळे त्याला बसवाला म्हणत. आज बस बंद, तर आईच्या श्वासावर पहारा.

"रेघ बघ," मोजपट्टी हळू आवाजात म्हणाली.

पडद्यावर बॅटरीचं चित्र होतं, त्यात चार रेघा मावायच्या. आता एकच होती, आणि तीही अधूनमधून लुकलुकत होती.

"सकाळी तर दोन होत्या," आत्या म्हणाली.

"सकाळी ढग होते. मी म्हटलं, ऊन आलं की भरेल. आता बाहेर बघ."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. वादळानंतरचं धुतलेलं, डोळ्यांवर येणारं ऊन. ओट्यावर लोकांनी ओल्या गाद्या आणि पुस्तकं वाळत टाकली होती.

"पॅनलकडून काय येतंय?" आत्याने विचारलं.

"शून्य."

"म्हणजे कमी?"

"कमी नाही गं. कमी आलं असतं तर मला समजलं असतं. धूळ बसली असेल, सावली पडली असेल, एखादं पॅनल फुटलं असेल. शून्य म्हणजे मधे कुठेतरी रस्ताच बंद आहे." मोजपट्टीने केस मागे सारले. "वाऱ्याने छपरावरची मोठी तार तुटली असणार. दुसरं काही सुचत नाही."

"किती वेळ आहे?"

"संध्याकाळपर्यंत पुरणार नाही ही रेघ."

बसवाल्याने स्टूल पडद्याच्या आणखी जवळ ओढलं.

दोघी बाहेर आल्या. सभागृहात वस्तीतली माणसं बाकांवर, भिंतीकडेला, जमिनीवर पसरून बसली होती. मधल्या रांगेत औषधवाली आपल्या दुकानातला छोटा फ्रिज आणून बसली होती, त्यात वस्तीतल्या मधुमेहींची इंजेक्शनं. तिने मोजपट्टीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता फ्रिजचा प्लग काढला.

"अहो, राहू द्या," मोजपट्टी म्हणाली.

"बंद राहिला तरी थोडा वेळ गार राहतो. दार उघडायचं नाही, एवढंच. काकूंचं महत्त्वाचं."

"नळाचा पंपही बंद करावा लागेल."

"करा. हांडे भरलेत सगळ्यांचे."

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलंच, "म्हटलं होतं, या पाट्या शोभेच्या आहेत. बिल तरी कुठं कमी आलं?"

मोजपट्टीचे कान लाल झाले. पॅनल बसल्यापासून ही कुजबुज चालू होती. आराखड्यात सांगितलं होतं त्याच्या जवळपासही वीज होत नव्हती. शहरात बसून तिने आकडे तपासले, पॅनल विकणाऱ्यांशी भांडली, आपलीच गणितं पुन्हा पुन्हा केली. चूक सापडत नव्हती, आणि म्हणून ती आपलीच असणार, असं तिला वाटायला लागलं होतं. हे तिने परवा वादळाचा आवाज ऐकत आत्यालाच सांगितलं होतं.

"वर जाऊन बघायला हवं," धाकटा उठला. बॅटरीच्या खोलीतलं बोलणं त्याने दारातून ऐकलं असावं. "जिन्याची किल्ली लागेल. ताई, त्याला सांग."

दादा चार हातांवर बसला होता. बाकाच्या अगदी टोकाला, पाहुण्यासारखा. स्वतःच्याच प्रार्थनाघरात.

"याला सांग," दादा म्हणाला, "छप्पर ओलं आहे. उतरतं आहे. त्यावर शेवाळ धरलंय. कोणीही वर जाणार नाही."

"त्याला विचार, मग काय करायचं? हात जोडून बसायचं?"

"प्रार्थनाघर आहे. हात जोडायलाच बांधलंय, म्हणावं."

दोन-चार जण हसले. धाकटा नाही हसला.

"ताई, त्याला स्पष्ट विचार. वहिनींचा श्वास मोठा की बाबांचं छप्पर?"

हे बोलायला नको होतं, असं आत्याला वाटलं. आणि कोणीतरी बोलायलाच हवं होतं, असंही वाटलं. दादाचा चेहरा उतरला. आत्याला माहीत होतं, त्याला छपराची काळजी नव्हती. असली तर ती या घडीला दुसऱ्या नंबरची होती. पाय घसरून कोणी खाली आलं तर, हा विचार त्याच्या डोक्यात होता. आणि ज्याला तो पाहत नव्हता, ज्याच्याशी बोलत नव्हता, तोच धाकटा वर चढायला निघाला होता.

"पप्पा," बॅटरीच्या खोलीच्या दारातून बसवाला म्हणाला, "किल्ली द्या. मी जातो."

"तूही त्याच्या बाजूचा झालास?"

"मी आईच्या बाजूचा आहे."

दादाने मोजपट्टीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं? तू शिकलेली आहेस. ओल्या छपरावर माणूस चढवायचा?"

सगळ्यांना वाटलं, ती बापाची बाजू घेणार. पण मोजपट्टी म्हणाली, "नाही. मोठे काका म्हणतात ते बरोबर आहे. छपरावर कोणी पाय ठेवायचा नाही. आधी जिन्याच्या वरच्या खिडकीतून तार दिसते का ते बघू. तिथपर्यंत तर जाता येईल?"

धाकट्याने मुलीकडे असं पाहिलं की हिला मीच वाढवलं का. दादाला आपली बाजू घेतली गेल्याची सवयच उरली नव्हती.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

सगळे तिकडे वळले. मशीन सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवलं होतं. डॉक्टरांना फोनवर विचारून, वीज थोडी वाचावी म्हणून. वहिनींच्या ओठांभोवती निळसर छटा आली होती.

"ती... पोरगी... शहाणी आहे. किल्ली... द्या."

दादा उठला. कमरेचा जुडगा सोडवला. पण किल्ली त्याने कोणाच्या हातात दिली नाही.

"मी पुढे," तो म्हणाला. "पायऱ्या मला माहितीयेत."

जिना व्यासपीठाच्या मागे होता. अरुंद, लाकडी, एका वेळी एकच माणूस जाईल असा. दादा पुढे, त्याच्यामागे मोजपट्टी, मग आत्या. धाकट्याने खाली कठड्याला हात टेकला आणि तिथेच थांबला. जिन्यात जागा नव्हती, आणि दादाच्या मागोमाग चढणं त्याला जमलंही नसतं. आत्याला गुडघ्याने आठवण करून दिली की तुझं काही काम नव्हतं इथे. पण खाली वहिनींच्या समोर बसून तो चेहरा बघत राहणं तिला जमत नव्हतं.

"तार तुटली नसली तर?" तिने मोजपट्टीच्या पाठीला विचारलं.

"तर जोड सुटला असेल. तो नसेल तर खालचा डबा गेला असेल, मग काही करता येणार नाही." मोजपट्टी जरा थांबली. "मधे एक खटका आहे, वरच्या वळणावर. पॅनल आणि खालचा डबा यांच्यातला. पण त्याला कोण हात लावणार? त्यावर मी स्वतः मोठ्ठा लाल कागद चिकटवलाय, 'धोका' म्हणून."

दादाचे पाय चढायचे थांबले नाहीत. वरचं दार त्याने उघडलं, खिडकीतून उन्हाचा एक जाड पट्टा जिन्यात उतरला, आणि त्या उन्हात वळणावरची भिंत उजळली.

भिंतीवर राखाडी डबी होती. डबीवर लाल कागद होता. आणि डबीचा दांडा खाली होता.

मोजपट्टी बघत राहिली. मग तिने अगदी सावकाश, खोलीत झोपलेलं मूल असावं अशा आवाजात विचारलं, "हा कोणी पाडला?"

"कोणी म्हणजे? मी," दादा म्हणाला.

"आज?"

"रोज."

"रोज?"

"प्रार्थना झाली की बंद करून निघायचं. बाबांच्या वेळेपासून तसंच आहे. खिडक्या, दिवे, पंखे, आणि सगळ्यात शेवटी काय चालू राहिलंय का ते बघत एक चक्कर. झटकन पेट घेईल असं लाकडाचं छत आहे डोक्यावर." दादाला या चौकशीचा राग येऊ लागला होता. "आणि इथे तर तूच लिहिलंयस, धोका. धोका चालू ठेवून घरी जाऊ मी?"

आत्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो तिने पदराने दाबला.

"मोठे काका," मोजपट्टी म्हणाली, "मग वर कधी करता?"

"सकाळी उघडलं की वर. प्रार्थना झाली की खाली. संध्याकाळी उघडलं की परत वर, संपली की खाली. एकदाही चुकलेलो नाही. आज पण सकाळची प्रार्थना झाल्यावर पाडला, मग तुम्ही लोक आलात."

"म्हणजे पहाटे चालू आणि सांजेला चालू."

"हो."

"आणि दिवसभर बंद."

"दिवसभर इथे असतंच कोण?"

"सूर्य असतो," मोजपट्टी म्हणाली.

आपण काय बोललो हे तिलाच ऐकू आलं असावं, कारण पुढच्या क्षणी ती भिंतीला टेकून हसायला लागली. हसताना तिचे डोळे वाहत होते. "आजवर या पॅनलांनी दुपार बघितलीच नाही! मी बिचाऱ्या विकणाऱ्यांना काय काय बोलले. वीज आहे तोवर बॅटरी खांबावरच्या विजेने भरत राहिली, म्हणून कोणाला कळलं नाही..." आणि मग एकदम भानावर येऊन तिने दोन्ही हातांनी दांडा वर ढकलला.

खट्.

खालून काही क्षण काहीच आलं नाही. आत्याने कठडा घट्ट धरला. मग बसवाल्याचा आवाज आला, बस थांब्यावर उभी असताना मागचं दार लागत नाही म्हणून ओरडतो तसा.

"आलं! आकडा आला! वर चाललाय! अजून वर चाललाय!"

सभागृहात टाळ्या पडल्या. औषधवाली कोणाला तरी ओरडून म्हणाली, "प्लग लाव, प्लग लाव, फ्रिजचा!" आणि मोजपट्टी वरून तितक्याच मोठ्याने, "आधी मोठ्या काकूंचं मशीन नेहमीच्या खुणेवर करा!"

दादा मात्र पायरीवर बसला होता. त्या जिन्यात बसायला जागा नव्हती. तो तसाच अर्धा भिंतीत रुतल्यासारखा बसला आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"म्हणजे सकाळपासून तिचा श्वास मीच बंद करून बसलो होतो," तो म्हणाला.

मोजपट्टीने आत्याकडे पाहिलं. आत्याजवळ अशा वेळी विचारायला एकच प्रश्न असायचा, 'आता बरं दिसतंय की मघाशी?', आणि तो इथे चालण्यासारखा नव्हता.

जिन्याच्या तळाशी धाकटा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आत्याने वरून त्याचा चेहरा पाहिला. इतके महिने मुलीला लोकांनी नावं ठेवली, ती त्याने ऐकून घेतली. बैठकीत, दुकानात, रस्त्यात. त्या सगळ्याची परतफेड आता एका वाक्यात करता आली असती, आणि ते वाक्य त्याच्या ओठांवर आलंय, हे तिला बहीण म्हणून दिसत होतं.

धाकट्याने ते गिळलं. कठड्याला हात लावून वर बघत तो म्हणाला, "दादा, बाबांनीही हेच केलं असतं."

मधे कोणी नव्हतं. 'त्याला सांग' नव्हतं. दादाने मान वर केली.

"बाबांनी छपराला भोकं पाडू दिली नसती," तो म्हणाला.

"नसतीच पाडू दिली. मला त्या बैठकीतून कान धरून बाहेर काढलं असतं."

"तुझा कान लहानपणापासून तसाच आहे. धरायला सोपा."

"उठ आता. पायांना मुंग्या येतील तिथे."

"त्याला सांग..." दादा सवयीने आत्याकडे वळला, थांबला, आणि पुन्हा खाली बघत म्हणाला, "येतोय. तू तो कठडा सोड, हलतो तो."

खाली आले तेव्हा वहिनींच्या ओठांचा रंग परतत होता. मशीन नेहमीच्या आवाजात चालू होतं. बसवाला आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता आणि उगाचच तिच्या चपला नीट जोडून ठेवत होता.

"काय झालं होतं?" औषधवालीने विचारलं. अख्खं सभागृह ऐकत होतं. मागच्या बाकावरचा तो पुटपुटणारासुद्धा.

"एक खटका..." मोजपट्टीने सुरुवात केली. "वाऱ्याने कधीकधी..."

"वाऱ्याने काही नाही," दादा म्हणाला. "मी बंद केला होता. रोज करत होतो. पाट्यांमधे काही खोट नव्हती. पोरीचं गणित बरोबर होतं."

औषधवालीने मोठा सुस्कारा सोडला.

"म्हणजे मोडलेलं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अहो, मग तोंड पाडून काय उभे राहिलात? मला वाटलं, आता दुरुस्तीला माणूस कुठून आणायचा!"

तिच्या या बोलण्याने सगळ्या सभागृहाची गाठ सुटली. लोक बोलायला लागले, हसायला लागले, कोणी ही गोष्ट दारातून आत येणाऱ्याला सांगू लागलं आणि सांगता सांगताच ती थोडी वाढवूही लागलं. दादा ताठ उभा राहून ते ऐकत होता. हसणाऱ्यांमधे धाकटा नव्हता. तो दादाच्या शेजारी उभा होता, आणि कोणी जास्तच हसलं तर त्याच्याकडे रोखून बघत होता.

दादा वहिनींच्या समोर गेला. "ऐकलंस?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "वाटलंच मला."

"वाटलंच काय? काय वाटलं?"

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात... मी न्हाणीघरात, अंगाला साबण. तुम्ही बाहेरून दिवा घालवून, कडी लावून गेलात. चालू राहिलाय म्हणून."

"तू हाक मारायची होतीस."

"मारली की. तुम्ही कडी... बरोबर लागलीय का ते बघत होतात."

धाकट्याला हसू आवरलं नाही. दादाला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने खाली बसून वहिनींच्या नाकाशी लावलेली नळी उगाचच नीट केली. ती नीटच होती. वहिनींनी त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला, लोक बघत असतानाही.

आत्याने तोंड फिरवलं आणि ती बॅटरीच्या खोलीत गेली. मोजपट्टी एकटीच होती. पडद्यावर दोन रेघा भरल्या होत्या, तिसरी यायच्या बेतात होती.

"एवढं चढतंय?" आत्याने विचारलं.

"याहून जास्त येतंय. आपल्याला लागतंय त्याच्या कितीतरी पट." मोजपट्टीचा आवाज शांत होता. "पंप चालू केला. फ्रिज चालू. आत्या, रात्र सहज निघेल. उद्याही ऊन असेल तर उद्याचीही. खांब उभे करायला त्यांना आठवडा लागला तरी चालेल."

"नक्की?"

"मोजलंय."

आत्याने तिला जवळ घेतलं. मोजपट्टीने मान तिच्या खांद्यावर टाकली आणि बराच वेळ उचलली नाही.

मग विजेचं काय करायचं, हा नवाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर नेहमीसारखा वाद सुरू झाला. औषधवाली म्हणाली, पलीकडच्या वस्तीत अजून दोन फ्रिज आहेत, औषधांचे, ते आणू. बसवाला म्हणाला, घड्याळवाल्यांच्या म्हाताऱ्या आईची विजेवर फुगणारी हवेची गादी परवापासून बसलीय, म्हातारी नुसत्या फळीवर झोपल्यासारखी आहे, पाठीला जखमा होतील. त्यांना इथे आणू. घड्याळवाला वस्तीच्या बैठकीत दादाच्या बाजूने, पॅनलांच्या विरुद्ध बोलला होता. त्याला विचारायला कोण जाणार?

"मी जातो," दादा म्हणाला.

"एकट्याने उचलवणार आहेत का त्या?" धाकटा म्हणाला. "खुर्चीत बसवून आणावं लागेल."

"मग चल की. विचारतोस काय?"

दोघे निघाले. आत्या दारात उभी राहून बघत राहिली. आडव्या पडलेल्या फांद्यांवरून पाय टाकत, एक पुढे एक मागे, कोपऱ्यावर कोणत्या बाजूने वळायचं यावरूनही त्यांचं काहीतरी चाललेलं होतं. हातवारे दिसत होते, शब्द पोचत नव्हते. थोड्या वेळाने ते परतताना दिसले. मधे खुर्ची, खुर्चीत पांघरुणात गुंडाळलेली म्हातारी, आणि मागून घड्याळवाला गुंडाळलेली गादी छातीशी धरून.

"तुझ्या बाजूने खाली गेलीय," दादाचा आवाज आला. "वर धर."

"माझी बाजू बरोबर आहे. तू उंच धरलीस."

"पायरी आली."

"दिसतेय."

"दिसतेय तर पाय उचल!"

"भांडा, भांडा," खुर्चीतली म्हातारी म्हणाली. "पण मला आपटू नका."

आत्या बाजूला झाली. खुर्ची आत गेली. वहिनींनी आपली खुर्ची सरकवायला लावून प्लगच्या शेजारची जागा मोकळी केली, आणि गादी कशी पसरायची, उशी कुठे, पाय कुठल्या बाजूला, हे सगळ्यांना एका पाठोपाठ एक सांगायला सुरुवात केली. थांबण्याच्या जागा मधे येत होत्या, पण लांब लांब.

आत्या ओट्यावर येऊन टेकली. सकाळपासून तिने पाठ टेकली नव्हती. वाळत घातलेल्या गाद्यांमधून वाफ निघत होती. ओट्याचा दगड तापला होता, भिंत तापली होती, समोरच्या पत्र्यावरून उजेड उसळून डोळ्यांत जात होता. तिच्या मानेवरून घाम ओघळला. तिने पदराने वारा घेतला, काही उपयोग झाला नाही, तेव्हा कोणालाच उद्देशून नाही असं ती वैतागून म्हणाली, "बाई गं! काय ऊन आहे हे! जीव नकोसा केला!"

"असू दे!" आतून वहिनींचा आवाज आला. एका दमात, भिंतींवर आपटून परत येईल इतका मोठा. "असू दे ते ऊन, वन्सं! खबरदार त्याला नावं ठेवलीत तर!"